स्वमग्न लेकरू : दोष आईच्या माथी मारू नका

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण हे पान शेतकऱ्याच्या घरात वाचले जाते, आणि घरात पीकपाण्याइतकीच लेकराबाळांची काळजी असते. शेतीशाळा किंवा शिवारफेरी आटोपली की बायामाणसे बाजूला घेऊन विचारतात, ते दर वेळी खताबियाण्याबद्दलच असते असे नाही. "साहेब, लेकरू तीन वर्षांचं झालं. हाक मारली तर वळून बघत नाही. खेळण्यातल्या गाडीचं चाकच फिरवत बसतं. काय करावं?" असा प्रश्न येतो. त्याच्या पाठोपाठ पुष्कळदा दुसरे वाक्य येते, तेही खाली मान घालून : "घरचे म्हणतात, माझ्याच पोटात खोट होती."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे. दुसऱ्या वाक्याचे उत्तर मात्र तुम्ही-आम्ही, सगळ्या गावाने द्यायला हवे. त्यासाठी हा लेख.

हे आहे तरी काय?

आपल्याकडे याला कोणी मुकेपण म्हणतो, कोणी खुळेपण, कोणी 'बाहेरचं' म्हणून मोकळा होतो. याचे मराठी नाव स्वमग्नता. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. तापखोकल्यासारखा हा जडलेला रोग नव्हे, आणि संसर्गाने तर मुळीच होत नाही. मेंदूची घडणच थोडी निराळ्या तऱ्हेने झालेली असते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे बारकाईने वर्णन केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात हे नाव रुळले.

खुणा साधारण अशा असतात. लेकरू डोळ्याला डोळा देत नाही. नावाने हाक मारली तरी ओ देत नाही, पण लांब कुठे बिस्किटाच्या पुड्याचा आवाज झाला की धावत येते. दीड वर्षाचे झाले तरी "ते बघ" म्हणून बोट दाखवत नाही. बोलणे उशिरा येते, किंवा आलेले चार शब्दही जातात. वस्तू ओळीने मांडत बसते, हात फडफडवते, गोल फिरते. गिरणीचा किंवा वरातीतल्या डीजेचा आवाज त्याला सोसत नाही. रोजचा रस्ता बदलला तरी आकांत करते.

सगळ्यांत हे सारखे नसते. काही मुले जन्मभर बोलत नाहीत, काही शिकून-सवरून नोकरीला लागतात. जगात साधारण शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असते आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या तीन-चार पट दिसते. म्हणजे दोन-अडीच हजार वस्तीच्या गावातही अशी काही लेकरे असणारच. दिसत नाहीत, कारण आपण ती घरात दडवतो.

शिकल्या-सवरल्यांनीही हेच केले

आईवर आळ घेणे ही काही फक्त आपल्या खेड्यांतली रीत नाही. पुढारलेल्या अमेरिकेतही वीस-पंचवीस वर्षे हेच चालले होते. आई लेकराला माया लावत नाही, फ्रिजसारखी थंड असते, म्हणून लेकरू स्वतःत गुरफटते, असे तिथले नामांकित लोक सांगत. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये याच विचाराचे पुस्तक लिहिले आणि ते खूप गाजले. हजारो आयांनी तो डाग कपाळी घेऊन दिवस काढले. आपल्याकडे सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात, तिकडे इंग्रजीत म्हणत होते. फरक एवढाच.

याला पहिला जोरदार विरोध केला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांचा मुलगा स्वमग्न. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून मांडले की हा प्रकार मेंदूच्या घडणीचा आहे, मायेच्या कमतरतेचा नाही. पुढे १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईबापांना दोषमुक्त केल्याचे जाहीर सांगितले. तिकडे हा निकाल लागून पन्नास वर्षे उलटली. आपल्या ओसरीवर मात्र तो खटला अजून चालूच आहे.

बी, जमीन आणि हवामान

मग कारण काय? शेतकऱ्याला हे समजायला सोपे आहे. एखाद्या रानातली झाडे कमी-जास्त वाढली तर आपण बियाण्याचा वाटा किती आणि जमीन-पाण्याचा किती, हे पाहतो. शास्त्रज्ञांनी जुळ्या मुलांवरून हेच पाहिले. एकाच बीजापासून झालेली जुळी म्हणजे हुबेहूब सारखे वाण; दोन वेगळ्या बीजांपासून झालेली जुळी म्हणजे साधी भावंडे, फक्त एकाच वेळी जन्मलेली. इंग्लंडमध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी १९७७ मध्ये अशा २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. दुसऱ्या प्रकारच्या १० जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते. आई तीच, घर तेच, माया तीच. फरक होता तो बीजाचा.

त्यानंतर पुष्कळ मोठे अभ्यास झाले. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या मिळून २० लाखांवर मुलांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष आला की माणसामाणसांतल्या या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के आहे. याचा अर्थ आईबाप स्वमग्न असतात असा नव्हे. गाईचे दूध जसे एका जनुकावर ठरत नाही, शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, तसेच हे. काही थोड्या मुलांत एकाच जनुकातला मोठा बदल पुरेसा ठरतो. कधी तो बदल आईबापांत नसतोच. बीज तयार होतानाच तो नव्याने घडतो.

आता आईला बोल लावणाऱ्यांनी ध्यान देऊन ऐकावे. असे नवे बदल आईपेक्षा वडिलांकडून जास्त येतात आणि वडिलांचे वय वाढेल तसे ते वाढतात, असे तपासणीत दिसून आले आहे. म्हणून काय बापाला फाशी द्यायची? मुळीच नाही. त्यात कुणाच्या हातचे काही नसते. पण "खोट तिच्याच पोटात" म्हणणाऱ्याने एवढे तरी ओळखावे, की लेकराचे अर्धे बीज त्याच्या मुलाचे आहे.

उरलेला वाटा गर्भातल्या परिस्थितीचा. आईला गरोदरपणी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला, तर धोका वाढतो. फेफऱ्यावरची व्हॅल्प्रोएट ही गोळी गरोदरपणी चालू असेल तरी वाढतो. मात्र ही गोळी मनाने बंद करू नका. झटका आला तर आई आणि गर्भ दोघांच्या जिवावर बेतेल. दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्यावी. दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या मुलांतही प्रमाण जास्त दिसते. एक मूल स्वमग्न असेल तर पुढचे मूल स्वमग्न असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. त्यामुळे धाकट्यावर पहिल्या वर्षापासूनच नजर ठेवावी.

नवस फेडायचा राहिला, डोहाळे पुरवले नाहीत, ग्रहणात सुरी हाती धरली, आईने रागात लेकराला मारले, आई कामाला गेली, यांपैकी एकाही गोष्टीचा स्वमग्नतेशी काडीचा संबंध नाही.

मेंदूत काय घडते

मेंदूच्या वरच्या पापुद्र्यात जमिनीसारखे थर असतात. हे थर गर्भाच्या साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात बसतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मरण पावलेल्या काही मुलांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. स्वमग्न असलेल्या ११ पैकी १० मुलांच्या मेंदूत थरांची मांडणी जागोजागी विस्कटलेली होती. स्वमग्न नसलेल्या ११ मुलांपैकी फक्त एकात तसे दिसले. मुलांची संख्या लहान आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते : सुरुवात लेकरू जन्मण्याआधीच झालेली असते.

दुसरी गोष्ट छाटणीची. द्राक्षबागायतदाराला छाटणीचे महत्त्व सांगायला नको. वेल सगळीकडून फुटू दिली तर नुसती दाटी होते. लहान मुलाच्या मेंदूतही पहिल्या काही वर्षांत पेशींना जोडणारे सांधे उदंड फुटतात, लागतात त्याहून कितीतरी जास्त. मग वापरातले सांधे राहतात आणि बिनवापराचे निसर्गच छाटतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना २०१४ मध्ये आढळले की मेंदूच्या एका भागात ही दाटी एरवी बालपण सरेपर्यंत निम्म्याने कमी होते. स्वमग्न मुलांत ती सुमारे १६ टक्केच कमी झाली होती. सगळे आवाज, सगळे उजेड, सगळे स्पर्श एकदम अंगावर येतात, त्याचा धागा या दाटीशी जुळत असावा, असा अंदाज आहे. म्हणजे ते लेकरू हट्टी नसते. त्याला खरोखर सोसत नाही.

तिसरी गोष्ट वाढीच्या वेगाची. ज्यांचे थोरले भावंड स्वमग्न आहे अशा तान्ह्या बाळांच्या मेंदूची छायाचित्रे वेळोवेळी घेतली गेली. पुढे जी स्वमग्न निघाली, त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यानच जास्त वेगाने पसरत होता, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरून ठळक खुणा दिसू लागतात त्या दुसऱ्या वर्षात. म्हणजे आपल्याला कळते तेव्हा आतले काम कधीच सुरू झालेले असते. हे ध्यानात ठेवा, पुढच्या मुद्द्याला लागेल.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला

आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. नेमक्या याच वयात स्वमग्नतेच्या खुणा दिसू लागतात. त्यामुळे "सुई टोचली आणि लेकराचं बोलणं गेलं" अशी समजूत होते. लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवर लेख लिहून या समजुतीला खतपाणी घातले. तो लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीही गेली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची माहिती तपासून २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले, की लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळत नाही.

यात एक गंमत आहे. गरोदरपणातला रुबेला हे स्वमग्नतेचे एक ओळखीचे कारण, आणि रुबेला टळतो तो याच लसीने. म्हणजे स्वमग्नतेच्या भीतीने लस टाळणारा माणूस कुंपण काढून गुरे राखायला निघाला, असे म्हणावे लागेल.

तीच गत पॅरासिटामॉलच्या गोळीची. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनीच गरोदर बायांना ही गोळी टाळायला सांगितली, आणि ती बातमी मोबाईलवरून आपल्या पारावर येऊन पोचली. पण स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तिथे एकाच आईची दोन मुले शेजारी ठेवून पाहिली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली. आपण प्रात्यक्षिकाच्या रानात शेजारचा वाफा तुलनेला ठेवतो तसेच. काही फरक निघाला नाही. गरोदरपणी अंगात ताप मुरवणे मात्र घातक. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

मोबाईलचेही सांगतो. मोबाईलने स्वमग्नता येत नाही. कॅनर यांनी ती ११ मुले पाहिली तेव्हा घरात टीव्हीसुद्धा नव्हता. पण दिवसभर मोबाईल पाहणाऱ्या लेकराशी कुणी बोलत नाही, म्हणून त्याचे बोलणे मागे पडते. तो द्यायचा नाहीच, पण कारण वेगळे.

फवारणीबद्दल आमच्या खात्यातर्फे

एक गोष्ट आमच्या कामाच्या कक्षेतली आहे आणि ती लपवून चालणार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यातला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणी ज्या बाया फवारणीच्या रानापासून दोन किलोमीटरच्या आत राहत होत्या, त्यांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण काही औषधांच्या बाबतीत १० ते १६ टक्क्यांनी जास्त आढळले. त्यात आपल्या ओळखीचे क्लोरपायरीफॉस आहे, ग्लायफोसेटही आहे. १० ते १६ टक्के म्हणजे हजारात दहा मुले असतील तिथे अकरा किंवा बारा. औषधानेच झाले असे यावरून सिद्ध होत नाही. पण शंका आहे तिथे जपून राहणे शहाणपणाचे.

गरोदर बाईने औषध कालवू नये, पंप भरू नये, फवारलेल्या रानात त्याच दिवशी निंदणी-वेचणीला जाऊ नये. फवारणीचे कपडे तिला धुवायला लावू नयेत. ज्याने फवारले त्याने रानातच वेगळे धुवावेत. औषधाचे डबे चुलीजवळ, धान्याजवळ, बाळाच्या झोळीखाली ठेवू नयेत. आणि हो, याचेही खापर पुन्हा तिच्यावर फोडू नका. पोटुशी बाई आपल्या हौसेने फवारणीत जात नाही. तिला कोण पाठवते, ते घरच्या कर्त्याने स्वतःला विचारावे.

पैसा आणि वेळ कुठे घालावा

अंगारे-धुपारे, गंडेदोरे, कोंबडे-बकरे यांत पहिली दोन-तीन वर्षे जातात. नेमकी तीच वर्षे मोलाची असतात, कारण लहानपणी मेंदूला वळण लवकर लागते. भूत उतरवतो म्हणून लेकराला मारणे, दोराने बांधणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

शहरातला भगत वेगळा असतो. तो कोट घालतो आणि मूळपेशींचे इंजेक्शन देऊन लेकरू बरे करतो म्हणून लाखो रुपये मागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही ठराविक आजार सोडले तर मूळपेशींचा वापर परवानगी घेतलेल्या चाचणीबाहेर करता येत नाही. त्यासाठी जमिनीचा तुकडा विकू नका. स्वमग्नता घालवणारे औषध आज जगात कुठेही नाही. झोप, फेफरे, चिडचिड यांवर औषधे मिळतात, ती जरूर घ्यावीत.

खरा उपयोग होतो तो शिकवण्याचा. बोलायला, खुणा करायला, हाताने जेवायला, कपडे घालायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला नेटाने आणि रोज शिकवावे लागते. ते फक्त तज्ज्ञाने करायचे नसते. तज्ज्ञाने दाखवायचे आणि घरच्या सगळ्यांनी करायचे, बापाने आणि आजोबानेसुद्धा. लेकरू बोलत नसेल तर चित्रे दाखवून, बोटाने दाखवून त्याला मागता येऊ द्यावे. त्याने बोलणे अडत नाही.

जावे कुठे? २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्या दिवशी लेकराला लपवू नका, पुढे करा. पथक येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. तिथे आधी कान तपासून घ्यावेत, कारण ऐकू न येणारे लेकरूही बोलत नाही. "बापही उशिराच बोलला होता" म्हणून वाट पाहू नका. तपासणीत काही निघाले नाही तर आनंदच आहे.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिला जागा मिळाली. त्यामुळे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढता येते, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. शाळेने "आमच्याकडे नको" म्हणणे कायद्यात बसत नाही. पण कागदावरचा कायदा आणि जिल्ह्याला जायचे एसटीचे भाडे यांत अंतर आहे, हेही खरे. आठवड्याला दोनदा मजुरी बुडवून लेकराला जिल्ह्याला नेणे गरिबाला झेपत नाही. अशी केंद्रे निदान तालुक्याच्या गावी हवीत. जनावरांचा दवाखाना मागायला आपण ग्रामसभेत उठून बोलतो, तसेच यासाठीही बोलले पाहिजे.

शेवटी एका बाईंची माहिती देतो, कारण त्या आपल्या क्षेत्रातल्या आहेत. टेम्पल ग्रँडिन, जन्म १९४७, अमेरिका. साडेतीन वर्षांपर्यंत त्या बोलत नव्हत्या. मुलीला संस्थेत टाका, असा सल्ला मिळाला होता. आईने तो मानला नाही. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. गुरे कशाला बिचकतात हे त्यांना लगेच दिसे, साधी सावली, लोंबणारी साखळी, पाण्याची चमक. त्यावरून त्यांनी गुरे न घाबरवता हाकण्याचे वळणदार गोठे आणि मार्ग आखले आणि ते त्या देशात मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. प्रत्येक स्वमग्न लेकरू असे निघेल असे मी म्हणत नाही. काहींना जन्मभर आधार लागेल. पण त्या बाईंच्या आईने जर आपल्याच पोटाला दोष देत रडत बसायचे ठरवले असते, तर काय झाले असते?

तेव्हा यापुढे अशा घरी गेलात तर "कुणाचं काय चुकलं?" असे विचारू नका. लेकरू कसे आहे, काय नवीन शिकले, ते विचारा. आणि त्याच्या आईला तासभर विसावा मिळावा म्हणून लेकरू आपल्या अंगणात खेळायला घ्या.